ट्रेक पन्हाळ्यावर सुरू होतो, पावनखिंडीत संपतो. मग घरी यायचं कसं?

रविवार, संध्याकाळचे साडेसहा. पावनखिंडीजवळचा रस्ता. पाऊस असा, की समोरचा माणूस दिसेना. आम्ही अकरा जण दोन दिवस चालून आलेलो, अंगावरचं सगळं भिजलेलं, आणि ठरवलेली जीप कुठेच नाही. फोनला रेंज नाही. कोल्हापूरहून रात्रीच्या रेल्वेचं तिकीट खिशात, आणि आमच्यातली एक जण थंडीने इतकी कुडकुडत होती की तिला नीट बोलताही येत नव्हतं.

गाडीवाल्याने फसवलं, असंच तेव्हा सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात तो पाच वाजल्यापासून पांढरपाण्यात थांबला होता. फोनवर आमच्यातल्या एकाने त्याला ‘पांढरपाण्याला या’ सांगितलं होतं, आणि आम्ही आपसात ‘खिंडीत भेटेल’ असं धरून चाललो होतो. चार वाजता आम्ही पांढरपाणी ओलांडून पुढे आलो, पाचला तो तिथे पोहोचला. तो तिकडे वाट बघतोय, आम्ही इकडे. बाईकवरून जाणाऱ्या एका गावकऱ्याने निरोप पोहोचवला, तेव्हा कुठे गाडी आली.

त्या रात्री पुढे काय झालं ते नंतर सांगते. आधी मुद्दा असा, की ट्रेकसाठी आपण बूट बघतो, रेनकोट बघतो, पण ‘जायचं कसं आणि यायचं कसं’ हा विषय ग्रुपवर ‘बघू रे, मिळेल काहीतरी’ एवढ्यावर संपतो. लांब पल्ल्याच्या ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त घोळ नेमका इथेच होतो. म्हणून आज हाच विषय, पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचं उदाहरण घेऊन.

घोळ मुळात का होतो?

साध्या किल्ल्याचा ट्रेक म्हणजे जिथून चढलो तिथेच उतरलो. पायथ्याला गाडी लावली, वर गेलो, खाली आलो, गाडी तिथेच. प्रश्न मिटला.

लांब पल्ल्याच्या वाटेचं तसं नसतं. ती एका ठिकाणी सुरू होते आणि दुसऱ्याच ठिकाणी संपते. १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. वाटेत घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी शत्रूला रोखून धरलं. तीच आजची पावनखिंड. दरवर्षी पावसाळ्यात, विशेषतः १२-१३ जुलैच्या आसपास, हजारो लोक ही वाट चालतात. मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी अशी गावं-वाड्या घेत साधारण ५० किलोमीटरच्या आसपास चाल होते. बहुतेक ग्रुप वाटेतल्या एखाद्या वाडीत एक मुक्काम करून दोन दिवसांत ती पूर्ण करतात.

आता गंमत बघा. सुरुवातीचं ठिकाण पन्हाळा. कोल्हापूरपासून जेमतेम २० किलोमीटर, पर्यटनाचं गाव, गाड्यांची ये-जा भरपूर. शेवटचं ठिकाण पावनखिंड. शाहूवाडी तालुक्यातला डोंगराळ भाग, जवळचं मोठं गाव मलकापूर. म्हणजे आपण ताजेतवाने असतो तिथे वाहनांची चंगळ, आणि पाय बोलायला लागलेले असतात तिथे वाहनांचा दुष्काळ. त्यामुळे पहिला नियम: जाण्याआधी येण्याची सोय ठरवा. पन्हाळ्याला तुम्ही कसेही पोहोचाल. खिंडीतून परत कसे येणार, ते आधी लिहून काढा.

असंच इतर वाटांवरही आहे. राजगड-तोरणा केलं तर सुरुवात गुंजवण्याला किंवा पालीला आणि शेवट वेल्ह्याला. राजगड-तोरणा-रायगड केलं तर देशावरून सुरू करून थेट कोकणात, पाचाडला उतरायचं आणि महाड गाठायचं. हरिश्चंद्रगडाला पाचनईहून चढून खिरेश्वरला उतरलात, तर पायी जे अंतर काही तासांचं आहे, तेच गाडीला डोंगराला मोठा वळसा घालून कापावं लागतं. नकाशावर दोन ठिपके शेजारी दिसतात म्हणून फसू नका. मध्ये डोंगर आहे.

एसटी आहे, पण ती आपल्यासाठी धावत नाही

‘एसटी मिळेल की!’ हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. ते खोटं नाही, अर्धवट आहे.

गावातल्या एसटीचं वेळापत्रक गावकऱ्याच्या दिवसावर बेतलेलं असतं. सकाळी लोक शाळेला, बाजाराला, दवाखान्यात, कचेरीत जायला तालुक्याला निघतात. संध्याकाळी परत येतात. म्हणून सकाळची गाडी गावातून बाहेर जाते आणि संध्याकाळची गाडी गावात येते. अनेक ठिकाणी शेवटची गाडी गावातच मुक्कामाला थांबते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघते. हीच ती ‘मुक्कामी गाडी’.

ट्रेकर मात्र उलटा वागतो. तो सकाळी शहरातून गावाकडे येतो आणि संध्याकाळी गावातून शहराकडे जायला बघतो. तुम्ही पाच वाजता थकून रस्त्याला लागता, समोरून एसटी येते, तुम्ही हात करता, आणि कंडक्टर म्हणतो, ‘गाडी मुक्कामी आहे.’ यात एसटीची चूक काहीच नाही.

त्यात रविवार. शाळेच्या मुलांसाठी सोडलेल्या फेऱ्या सुट्टीच्या दिवशी असतीलच असं नाही. आणि ट्रेक तर आपण शनिवार-रविवारीच करतो.

मग एसटीचा विचारच करायचा नाही का? करायचा, पण विचारून. ॲपवर लांब पल्ल्याच्या आरक्षणाच्या गाड्या चांगल्या सापडतात. गावातल्या साध्या फेऱ्यांसाठी मात्र संबंधित आगाराच्या चौकशी खिडकीला पर्याय नाही. तिथे नेमके हे प्रश्न विचारा:

- अमुक गावातून तालुक्याला जाणारी शेवटची गाडी किती वाजता? (‘गावात येणारी’ नाही, ‘गावातून निघणारी’.)
- ती रविवारी असते का?
- जोराच्या पावसात ती शेवटपर्यंत जाते, की फाट्यावरूनच वळते?
- ती चुकली तर पुढची कधी आणि कुठून?

आणि हीच माहिती गावातल्या एखाद्या दुकानदाराकडून किंवा मुक्कामाच्या घरमालकाकडून पडताळून घ्या. वेळापत्रकात काय लिहिलंय हे आगाराला माहीत असतं. गाडी खरंच कधी येते, हे फाट्यावरच्या टपरीवाल्याला.

खर्चाच्या बाजूने एसटीला तोड नाही. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मोठा ग्रुप असेल तर महामंडळ अख्खी बसही भाड्याने देतं. त्याला ‘प्रासंगिक करार’ म्हणतात. त्यासाठी आगारात आधी अर्ज करून पैसे भरावे लागतात. ३०-४० जणांच्या कॉलेज ग्रुपने हा पर्याय एकदा विचारून बघायला हरकत नाही.

जीप ठरवताना: दोन्हीकडचं भाडं का घेतात?

‘पांढरपाण्यातून कोल्हापूरला फक्त सोडायचंय, तरी दोन्हीकडचं भाडं मागतोय. लूट आहे!’ ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल.

गणित सोपं आहे. तुम्हाला घ्यायला ती गाडी कोल्हापूरहून किंवा मलकापूरहून रिकामी येणार. डिझेल रिकाम्या गाडीलाही लागतं. खिंडीकडे जाताना तिला दुसरं भाडं मिळण्याची शक्यता फारशी नसते. म्हणजे तुम्ही बसता एकदा, पण गाडी धावते दोनदा. म्हणून खर्च कमी करायचा असेल तर घासाघीस करण्यापेक्षा गाडी जवळची बघा. कोल्हापूरच्या गाडीपेक्षा मलकापूरची गाडी तुम्हाला मलकापूरपर्यंत सोडेल, आणि तिथून कोल्हापूरला जायला हमरस्त्यावर एसटी मिळते. कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आहे तो, वाहतूक चांगली असते.

कोल्हापूर भागात वडाप हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. सीट भरल्या की निघणारी जीप. बाजाराच्या दिवशी वडाप भरपूर, रविवारी संध्याकाळी पावसात शून्य. त्यामुळे वडाप मिळालं तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर रेल्वेचं तिकीट काढू नका.

भाडं ठरवताना या गोष्टी आधीच बोलून घ्या: थांबण्याचे पैसे किती तासांनंतर सुरू होतात, रात्र झाली तर जादा काय, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल भाड्यात धरलाय का, आगाऊ किती द्यायचे. समजा जीप ६,००० रुपयांना ठरली आणि तुम्ही आठ जण आहात, तर माणशी ७५०. आयत्या वेळी दोघांनी टांग दिली तर उरलेल्यांवर प्रत्येकी १,०००. म्हणून पैसे आधी गोळा करा. जो येणार नाही त्याचा गाडीचा वाटा परत मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी ग्रुपवर सांगा. मैत्री टिकते.

आणि एक गोष्ट कंटाळा न करता बघा: नंबरप्लेट. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी असते, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण तिला प्रवासी वाहतुकीचा परवाना नसतो. अपघात झालाच, तर ‘भाड्याने चालवत होते’ या कारणावरून विम्याचं प्रकरण अडकू शकतं. तेव्हा वाचवलेले हजार-दोन हजार फार महाग पडतात. तेच क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबण्याबद्दल. अकरा जण आणि अकरा सॅक नऊ सीटच्या गाडीत बसतात, पण घाटात ती गाडी ब्रेकला कशी लागते हे ड्रायव्हरला विचारा.

आपलीच गाडी नेली तर?

दोन गाड्या असतील तर एक शेवटच्या ठिकाणी आधीच लावून ठेवायची आणि दुसरीने सगळ्यांनी सुरुवातीला यायचं, ही जुनी युक्ती. ऐकायला छान आहे, पण वेळेचा हिशोब कुणी करत नाही. पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पावसात आणि धुक्यात दोन-अडीच तास हाताशी ठेवा. म्हणजे आधी दोघांनी दोन गाड्या तिकडे न्यायच्या, एक ठेवून परत यायचं: चार-पाच तास गेले. आणि ट्रेक संपल्यावर पन्हाळ्याला ठेवलेली गाडी आणायला पुन्हा तिकडे जायचंच आहे. यासाठी आदला अख्खा दिवस हवा.

दुसरी युक्ती किल्ल्या बदलण्याची. एक ग्रुप या टोकाकडून निघतो, दुसरा त्या टोकाकडून. मध्ये भेट होते, गाड्यांच्या किल्ल्या बदलतात, आणि प्रत्येक जण समोरच्याची गाडी घेऊन ठरलेल्या ठिकाणी येतो. राजगड-तोरणासारख्या वाटेवर, दोन्ही ग्रुप अनुभवी असतील तर हे जमतं. अट एकच, की भेटीची जागा चुकायला नको. धुक्यात चुकामूक झाली तर दोन्ही ग्रुप चुकीच्या किल्ल्या घेऊन चुकीच्या गाडीसमोर उभे. म्हणून दोन्हीकडे दोन्ही गाड्यांची एकेक जादा किल्ली ठेवा.

गाडी लावताना जागा कुणाची आहे ते विचारा. शेताच्या तोंडाशी, शाळेच्या फाटकासमोर किंवा एसटी वळते त्या मोकळ्या जागेत गाडी लावली, तर दोन दिवस अख्ख्या गावाची अडचण होते. एखाद्या अंगणात लावायची परवानगी मागा, थोडे पैसे द्या.

वेळेचं गणित शेवटाकडून मांडा

आपण प्लॅन करतो तो ‘सकाळी सहाला निघू’ इथून. खरं तर परतीच्या गाडीपासून मागे यायला हवं.

समजा कोल्हापूरहून रात्री नऊच्या आसपासची रेल्वे किंवा बस पकडायची आहे. रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांजवळच आहेत, त्यामुळे एक चुकलं तर दुसरं बघता येतं. तरी कोल्हापुरात आठला पोहोचायचं धरा. खिंडीकडून कोल्हापूरला यायला पावसात तीन तास धरले, तर पाचला गाडीत बसायला हवं. म्हणजे साडेचारपर्यंत खिंड पाहून रस्त्यावर. त्यावरून मागे मोजत या, म्हणजे दुपारी एकपर्यंत आपण कुठल्या वाडीत असायला हवं ते कळेल.

ती वाडी ठरली की तिला नाव द्या: ‘निर्णयाची जागा’. एक वाजता तिथे पोहोचला नाहीत, तर पुढचं चालणं बंद करून गाडी जवळच्या रस्त्यावर बोलवायची, की मुक्काम वाढवून तिकीट सोडायचं, हे आधीच ठरलेलं असावं. वाटेतल्या वाड्यांना रस्ते आहेत, पण प्रत्येक रस्त्यावर वाहन मिळेल असं नाही. त्यामुळे कुठून बाहेर पडता येईल हे मुक्कामाच्या गावातच विचारून ठेवा. अंधारात, ओढ्याला पाणी असताना ‘तिकीट काढलंय’ म्हणून पळत सुटण्यासारखा वेडेपणा नाही.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे जुलैच्या मधल्या शनिवार-रविवारसाठी मेच्या मध्यातच तारीख ठरायला हवी. आणि वर्धापनदिनाच्या आसपास जाणार असाल, तर खिंडीकडच्या अरुंद रस्त्यावर शेकडो गाड्या असतात, हे धरून आणखी एक तास वाढवा. पुढे विशाळगडापर्यंत जायचं असेल, तर तिथे त्या वेळी प्रशासनाचे काही निर्बंध आहेत का, हे निघण्याआधी तपासा.

आणि ड्रायव्हरची झोप

आता त्या रात्रीचं उरलेलं.

जीप सापडली तेव्हा सात वाजून गेले होते. कोल्हापूरला पोहोचेपर्यंत रेल्वे गेलेली. दोघांना सोमवारी सकाळी ऑफिस. कुणीतरी म्हणालं, ‘याच गाडीने पुण्याला जाऊ.’ ड्रायव्हरदादा तयार झाले, आम्ही पैसे जमवले आणि निघालो. मागे सगळे पाच मिनिटांत झोपले. मी पुढे बसले होते, मीही झोपले.

कऱ्हाडच्या अलीकडे खडखडाटाने जाग आली. गाडी डांबर सोडून कडेच्या खडीवर गेली होती. दादांनी स्टिअरिंग खेचलं, गाडी परत रस्त्यावर आली. कुणाला खरचटलंही नाही. चहाच्या टपरीवर थांबलो, तेव्हा कळलं की ते पहाटे चारपासून गाडीवर आहेत. सकाळी एक भाडं मारून मग आमच्याकडे आले होते. आम्ही अकरा जणांनी त्यांना दिवसभरात एकदाही विचारलं नव्हतं, ‘दादा, झोप झालीय का?’

उरलेली रात्र आम्ही त्या टपरीशेजारी गाडीतच काढली. उजाडल्यावर निघालो. ऑफिसला खाडा झाला.

म्हणून गाडी ठरवताना भाड्याइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा: त्या दिवशी ड्रायव्हरला आधी दुसरं भाडं आहे का? रात्रीचा लांब प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर किंवा मुक्काम. स्वतःची गाडी असेल, तर दोन दिवस चाललेल्या माणसाने रात्री स्टिअरिंग हातात घ्यायचंच नाही. एखाद्या मित्राला ट्रेकला न नेता फक्त गाडी चालवायला बोलवा, त्याचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्या. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने जागं राहायचं, ही त्याची ड्युटी. तयार ग्रुपबरोबर पैसे भरून जात असाल तरी हेच विचारा: गाडी पिवळ्या पाटीची आहे का, रात्रभर एकच ड्रायव्हर चालवणार का, आणि ठरलेल्या वेळेपर्यंत ट्रेक संपला नाही तर गाडी थांबते का. यावर ‘टेन्शन नका घेऊ’ एवढंच उत्तर आलं, तर टेन्शन घ्या.

निघण्याआधी कागदावर लिहा

हो, कागदावर. फोन भिजतो, बॅटरी संपते. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ग्रुपमधल्या दोघांकडे ठेवा.

१. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचा फोन, आणि त्याच्याशिवाय आणखी एक फोन: गाडीमालकाचा किंवा घरचा.

२. भेटायची नेमकी जागा. ‘खिंडीत’, ‘पांढरपाण्यात’ असं नाही, तर ‘अमुक गावातल्या शाळेसमोर’. ती ड्रायव्हरकडून परत वदवून घ्या.

३. भेटायची वेळ आणि त्यानंतर काय. ‘पाचला भेटायचं. सहापर्यंत कुणीच आलं नाही तर तुम्ही रस्त्याने पुढच्या गावापर्यंत या, आम्ही जागा सोडणार नाही.’ एकाने हलायचं, दुसऱ्याने थांबायचं. दोघंही शोधायला निघाले की चुकामूक नक्की.

४. वाटेत शेवटची रेंज कुठे मिळते ते गाव. तिथून ड्रायव्हरला एक फोन करायचाच.

५. पहिली सोय फसली तर दुसरी: मलकापूरच्या एखाद्या जीपवाल्याचा नंबर आणि पायथ्याच्या गावात रात्र काढता येईल असं एक घर.

६. घरी थांबलेल्या एका माणसाला हे सगळं पाठवून ठेवा आणि सांगा, ‘रात्री दहापर्यंत माझा फोन नाही आला तर या नंबरांवर विचार.’ प्रकरण गंभीर असेल तर ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा गेलो. तेच अकरा जण, तेच दादा. या वेळी भेटायची जागा त्यांनीच फोनवर तीनदा विचारून घेतली. आणि रविवारी रात्री कोल्हापुरातच मुक्काम केला. सोमवारची सुट्टी सगळ्यांनी आधीच टाकली होती.